कपाळ पुढे करा!

मी बोलतेय. गेटवरची बंदूक. दचकू नका, माझ्यात गोळी नसते. पांढरं प्लास्टिकचं अंग, पुढे बारीकसं काळं भोक, मागे आकडा दाखवणारी छोटी खिडकी आणि बोटाखाली एक घोडा. तो दाबला की मी 'पीं' करते आणि समोरच्या कपाळाचं तापमान सांगते. काम एवढंच. पण साथीमुळे सगळं बंद पडलं होतं, त्या दिवसांत माणसाला घरात घ्यायचं की रस्त्यावर ठेवायचं, हे याच कामावर ठरायचं. त्यामुळे तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका.

माझा जन्म केस वाळवायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात झाला. एका सोमवारी मालकाने जाहीर केलं की उद्यापासून साचे हेच, पण गरम हवा सोडायची नाही, गरमी मोजायची. म्हणून माझा आकार असा. ज्या बाईंनी मला तपासलं, त्यांनी मला चहाच्या पेल्यावर रोखलं, आकडा आला, त्यांनी मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. माझं शिक्षण एवढंच झालं. सोबत माहितीपत्रक होतं, सात भाषांतलं. पुढे जो गोंधळ झाला तो टाळायला त्यातली कुठलीही एक भाषा पुरली असती. पण ते पत्रक कुणी उघडलंच नाही.

मी आले ती पाच मजल्यांची, वीस घरांची एक इमारत. तिच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे रीडिंगकाका. नोकरीत असताना त्यांनी तीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर तपासले होते, म्हणून हे नाव. "माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा काकूंकडे असायचा.

काकांनी माझं खोकं चिमट्याने उचललं आणि तीन दिवस गॅलरीच्या कोपऱ्यात उन्हात ठेवलं. बाहेरची वस्तू, काय घेऊन आली असेल कुणास ठाऊक! पहिला शब्द फुटण्याआधीच मी वाळीत पडले होते.

चौथ्या दिवशी मी गेटवर आले. तिथे एक टेबल मांडलं होतं, टेबलावर रजिस्टर, दोरीने बांधलेलं पेन आणि हात चोळायच्या औषधाची बाटली. समोर खडूने गोल आखले होते. काका खुर्चीत बसले, त्यांनी मला उजव्या हातात धरलं आणि मला जाणवलं, त्यांच्या मनगटात जोर आला होता. त्या हाताला तीस वर्षांत एवढी सत्ता मिळाली नसावी.

"थांबा! गोलातच! कपाळ पुढे करा!"

आणि लोक करायचे. हेच मला नवल वाटायचं. कुणी फोटो काढल्यासारखं हसायचं, कुणी डोळे घट्ट मिटायचं, एका गृहस्थांनी तर सवयीने जीभ बाहेर काढली. तोंडावरचा मास्क सगळ्यांच्या हनुवटीची काळजी घेत असायचा. दुसऱ्या मजल्यावरचे साहेब वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली चड्डी अशा वेशात दिवसातून चार वेळा कचरा टाकायला उतरायचे. चौथ्या वेळी त्यांच्या पिशवीत एक कांद्याचं साल होतं. घरात बायको, दोन मुलं आणि चार वेगवेगळ्या मीटिंगा. त्या सालाची मला दया आली.

काका प्रत्येकाचा आकडा घोटीव अक्षरात लिहायचे. बत्तीस पूर्णांक आठ. तेहतीस पूर्णांक एक. बत्तीस पूर्णांक पाच. रोज शेवटी खाली रेघ मारून सही. "एकालाही ताप नाही," असं ते इमारतीच्या ग्रुपवर कळवायचे आणि वीस घरांतून अंगठे वर व्हायचे.

पंधरा दिवस असे गेले. मग एका सकाळी चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर कामावरून परत आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा दुसऱ्या गावी कामासाठी गेला तो तिकडेच अडकलेला, घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. मास्कच्या दोऱ्यांनी सिस्टरच्या गालांवर वळ उठले होते. मी त्यांच्या कपाळावर 'पीं' केलं. काकांनी आकडा वाचला, "तेहतीस. छान. जा."

सिस्टर थांबल्या. "काका, तेहतीस असेल तर मी इथे उभी कशी? तेहतीसला माणूस बेशुद्ध पडतो."

"आकडा काय खोटं बोलतो का?"

"बघू जरा, कुशीला एक बटण असतं." त्या वाकल्या, पण त्यांनी हात लावला नाही. "हे बघा. एक बाजू वस्तूंसाठी, एक माणसांसाठी. तुम्ही पंधरा दिवस आम्हाला सगळ्यांना वस्तू म्हणून मोजलंत, काका."

गेटजवळ वॉचमनदादा झाडू मारत होते. त्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलले. ते काकांनी पाहिलं.

"समितीला माहीत आहे ते," काका म्हणाले. "तुम्ही जा."

त्या गेल्यावर काकांनी इकडेतिकडे बघून नखाने माझं बटण सरकवलं. त्या दिवसापासून रजिस्टरात सगळी इमारत एकदम साडेतीन अंशांनी तापली. शेरा लिहायच्या रकान्यात काकांनी लिहिलं, 'हवामानात बदल.'

पण त्यांच्या मनात ते राहिलं. मी त्यांच्या हातात असायचे, मला कळायचं. सिस्टर आल्या की बोटं माझ्यावर जरा जास्तच आवळली जायची. आठवड्याभरात गेटवर नवी सूचना लागली. 'दवाखान्यात काम करणाऱ्या रहिवाशांनी शक्यतो कामाच्या ठिकाणीच राहावे. आपल्या सेवेचा समितीला अभिमान आहे.' त्याच संध्याकाळी ठरलेल्या वेळेला सगळे गॅलऱ्यांत आले आणि त्या सेवेसाठी पाच मिनिटं टाळ्या वाजल्या. खाली सूचना, वर टाळ्या. मी दोन्हींच्या मध्ये टेबलावर पडले होते.

एके दिवशी भर दुपारी सिस्टर चालत आल्या. बस बंद, दवाखान्याच्या गाडीने मोठ्या चौकापर्यंतच सोडलेलं. चेहरा लालबुंद झाला होता. मी स्वतः दोन तास उन्हात टेबलावर तापत पडले होते, मला माझंच डोकं जड वाटत होतं. काकांनी रोखलं, घोडा दाबला. अडतीस पूर्णांक चार.

काकांचा चेहरा असा खुलला, जणू मीटर मागे फिरवणारा वीजचोर रंगेहाथ सापडला.

"ताप! आत येता येणार नाही."

"काका, मी चाळीस मिनिटं उन्हात चालतेय. दहा मिनिटं सावलीत थांबते, मग परत बघा."

"नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही आमची चूक दाखवली ती चालते, आम्ही आकडा दाखवला की आम्हीच वाईट! गोलात उभ्या राहा, समिती ठरवेल."

समितीने ग्रुपवर ठरवायला घेतलं. चौथ्या मजल्यावरून सिस्टरच्या सासूबाई ओरडल्या, "ए रीडिंग! माझी सून वर येऊ दे, नाहीतर मी खाली येते!"

"आजी, तुम्ही ज्येष्ठ नागरिक आहात, तुम्हाला खाली यायला बंदी आहे!" काका खालून म्हणाले.

"अरे, तू कोण रे मला बंदी करणारा? माझ्या गॅसचं सिलिंडर वर चढवताना कुठे होतास?"

गॅलऱ्या भरल्या. बघायला सगळे आले. एवढ्या दिवसांत करमणूक तरी कुठे होती? सिस्टरचं घर सोडून एकोणीस घरांचा कौल आला. सोळा अंगठे 'बाहेर ठेवा' म्हणणारे. दोघांनी वाचून गप्प बसायचं ठरवलं. एकच अंगठा उलटा होता, आणि तो काकांच्या स्वतःच्या घरातून आला होता. काकूंचा.

काका फोनकडे बघत होते, तेवढ्यात मला टेबलावरून कुणीतरी उचललं. हात खरखरीत होता. वॉचमनदादा! ते महिनाभर गेटच्या चार बाय सहाच्या खोलीत राहत होते, कारण त्यांना घरी जायला वाहन नव्हतं. त्यांना मला हात लावायची परवानगीही नव्हती. त्यांनी मला गेटच्या खांबावर रोखलं. पीं. एक्केचाळीस. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर रोखलं. त्रेचाळीस.

"काका, रजिस्टरला लईच ताप आलाय. त्यालाबी बाहेर ठेवायचं का?"

आणि काका काही बोलायच्या आत त्यांनी मला काकांच्या कपाळावर धरलं. पीं. अडतीस पूर्णांक एक.

वरच्या कुठल्यातरी गॅलरीतून हसू फुटलं आणि मग ते मजल्यामजल्यावर पसरलं. मी अनेक आकडे सांगितलेत, पण एवढी दाद कधी मिळाली नाही. दादांनी सिस्टरना आपल्या खोलीच्या सावलीत स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी मी छत्तीस पूर्णांक सात दाखवले. सिस्टर वर गेल्या.

हसं झालेला माणूस काय करतो? पत्र लिहितो. सिस्टरचं घर भाड्याचं होतं. काकांनी समितीच्या कागदावर घरमालकाला लिहिलं, की रहिवाशांच्या आरोग्याचा विचार करून आपण योग्य तो निर्णय घ्यावा. घरमालक दूर राहत होता, त्याला कटकट नको होती. त्याने सिस्टरना महिनाअखेरीपर्यंत घर रिकामं करायला सांगितलं. दादांना तंबी मिळाली, पुन्हा हात लावलात तर दुसरी नोकरी बघा. आणि मी रोज काकांबरोबर त्यांच्या घरी जाऊ लागले. माझी जागा चपलांच्या कपाटावर.

तिथेच मला पुढचं सगळं दिसलं.

एका संध्याकाळी काका घरी आले, हात धुतले आणि मला उचलून आरशासमोर उभे राहिले. पीं. अडतीस पूर्णांक सहा. पंखा चालू होता, ऊन नव्हतं, मी गार होते. आकडा खरा होता. काकांनी माझं भोक सदऱ्याने पुसलं. पीं. अडतीस पूर्णांक सहा. त्यांनी मला दारावर रोखून पाहिलं, फ्रिजवर पाहिलं, परत स्वतःवर. अडतीस पूर्णांक सात. मग मानेवर. मग मनगटावर. शेवटी त्यांनी लुंगी वर केली आणि मला गुडघ्यावर धरलं. छत्तीस पूर्णांक दोन.

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि स्वतःच्या नावापुढे तोच आकडा लिहिला. सही केली.

आकडा खरंच खोटं बोलत नाही. गुडघ्याचाच होता तो.

दुसऱ्या दिवशी ते गेटवर बसले. तिसऱ्या दिवशीही. माझा नेम लोकांच्या कानावर जाऊ लागला. मला ओरडावंसं वाटत होतं, लांब व्हा सगळे, हा माणूस तापलाय! पण माझ्याकडे शब्द एकच, 'पीं', आणि तोही दुसऱ्याने घोडा दाबल्यावर. कामावर निघालेल्या सिस्टर गेटवर थांबल्या. त्यांनी कपाळ पुढे केलं नाही. काकांकडे बघत राहिल्या.

"काका, बोलताना धाप लागतेय तुम्हाला."

"मला काही झालेलं नाही. रीडिंग बघा. छत्तीस पूर्णांक दोन."

"रीडिंग राहू द्या. वर जा आणि पडून राहा. काकूंपासून वेगळ्या खोलीत. मी संध्याकाळी बघून जाईन."

संध्याकाळपर्यंत थांबायची वेळ आली नाही. दुपारी घरी जेवायला आलेले काका खुर्चीतून उठले आणि परत बसले, मग उठताच येईना. काकूंनी ग्रुपवर मदत मागितली. अठरा घरांनी वाचलं, कुणी दार उघडलं नाही. मग काकूंनी सिस्टरना फोन लावला. त्या तासाभरात आल्या, अंगावर तो पांढरा झगा, डोळ्यांवर चष्मा. काकांच्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला. तो आकडा माझ्या ओळखीचा नव्हता, पण तो पाहून सिस्टरनी लगेच फोन लावून गाडी मागवली.

काका जाताजाताही अध्यक्षच होते. धापा टाकत म्हणाले, "पुढच्या गेटने नको... लोक बघतील. मागच्या गेटने न्या."

"मागच्या गेटला तुम्हीच कुलूप घातलंय, काका."

लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस, हा नियमही त्यांचाच. सिस्टर आणि वॉचमनदादांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेलं. दादांच्या तोंडाला साधा रुमाल होता. सिस्टरनी त्यांना आपला जादा मास्क दिला. मला वरून फक्त आवाज ऐकू येत होते. पायऱ्यांवर खुर्ची टेकल्याचा आवाज, आणि त्यांच्या पुढे पुढे मजल्यामजल्यावर दारं बंद होत गेल्याचा.

काकूंना घरात कोंडण्यात आलं. त्यांच्या दारावर आणि पायपुसण्यावर औषध फवारलं गेलं. रोज दुपारी दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली असायची, त्यात गरम जेवण. सिस्टरच्या सासूबाई एक मजला उतरून ती लावून जायच्या. त्यांना घर सोडायला तेव्हा बावीस दिवस उरले होते.

दवाखान्यातून काका फोन करायचे. काकू फोन कपाटावर माझ्याशेजारी ठेवून बोलायच्या, म्हणून मला ऐकू यायचं. पहिले काही दिवस नुसता श्वासच ऐकू यायचा. मग एकदा काका म्हणाले, "अगं, इथे सगळ्यांचे फक्त डोळे दिसतात. एक जण मला चमच्याने पाणी पाजते. मी नाव विचारलं, तर म्हणाली, मी चौथ्या मजल्यावरची."

काकूंनी फोन बंद केला. मग त्यांनी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. माझ्या यजमानांना कुणी खाली नेलं, तिथे त्यांना कोण सांभाळतंय, आणि घरमालकाला लिहिलेलं पत्र आज समितीने मागे घ्यावं. सगळ्यांनी वाचलं. एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. दुसऱ्याने लगेच पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

एकोणीस दिवसांनी काका परत आले, सहा किलो हलके. गेटवर फुगे लावले होते, 'आमच्या लढवय्या अध्यक्षांचे स्वागत' अशी पाटी होती. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. कुणीतरी वरून ओरडलं, "काका, दोन शब्द!"

काका श्वास घेत म्हणाले, "शिस्त... शिस्तीमुळे वाचलो."

टाळ्या आणखी वाढल्या. घरात आल्यावर काकूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे घ्या तुमचं. आणि मला एक सांगा, ही शिस्त कितव्या मजल्यावर राहते हो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. घोडा दाबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरमालकाला स्वतः फोन लावला. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण काका तीनदा म्हणाले, "पण मीच सांगतोय ना आता." घर दुसऱ्या कुणाला देऊन झालं होतं.

महिनाअखेरीला टेंपो आला. काका मला हातात घेऊन खाली उतरले. कशाला, ते त्यांनाही माहीत नसावं. सवयच ती. सिस्टर गाद्या बांधत होत्या.

"सिस्टर," काका म्हणाले, "ते पत्र... मीच लिहिलं होतं."

"माहीत आहे. मालकांनी फोटो पाठवला होता. अक्षर रोज रजिस्टरात बघत होते ना."

"मी बोललो त्यांच्याशी, पण..."

"उशीर झाला, काका. असू द्या. गोळ्या वेळेवर घेताय ना?"

सिस्टरनी सोडून दिलं. त्यांना त्या दिवशी परत कामावर जायचं होतं, भांडायला वेळ नव्हता. पण सासूबाईंना वेळ होता. त्या काठी टेकत पुढे आल्या, काकांच्या हातातून मला काढून घेतलं आणि हात लांब करून रोखलं.

"हं. कपाळ पुढे करा."

वीस घरांचा अध्यक्ष निमूट वाकला. पीं. छत्तीस पूर्णांक पाच.

"ताप नाहीये तुम्हाला," सासूबाई म्हणाल्या. "मग उभे काय राहिलात? ती भांड्यांची पिशवी उचला."

काकांनी पिशवी उचलली. ती जड होती, दोन्ही हातांनी धरावी लागली, आणि टेंपोपर्यंत जाताना ते दोनदा थांबले. वॉचमनदादा मदतीला पुढे झाले तर सासूबाईंनी काठी आडवी धरली. "त्यांना नेऊ दे." गॅलऱ्यांमधून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघातिघांनी फोनमध्ये चित्रण केलं, एवढंच.

आता सगळं पहिल्यासारखं झालंय. टेबल गेलं, खडूचे गोल पावलांखाली पुसले गेले. चौथ्या मजल्यावर एक बँकवाले राहायला आलेत. त्यांना कुणी काही विचारलं नाही. काका अजून अध्यक्ष आहेत. बैठकीत पूर्वीपेक्षा कमी बोलतात, पण बोलायचं अगदीच सोडलंय असं नाही. मी वॉचमनदादांच्या खोलीतल्या खणात पडून आहे, जुन्या किल्ल्या आणि सुतळीच्या गुंडीशेजारी. माझे सेल काढून दादांनी भिंतीवरच्या घड्याळात घातलेत. बरंच झालं, निदान ते वेळ तरी खरी दाखवतात.

तुमच्याही घरात कुठल्यातरी खणात माझी एखादी बहीण असेल. पुन्हा तशी वेळ येऊ नये, पण आलीच तर तिला बाहेर काढा, नवे सेल घाला, माहितीपत्रक सापडलं तर तेही वाचा. फक्त घोडा दाबण्याआधी समोर उभ्या असलेल्या माणसाला थोडी सावली द्या आणि पाणी विचारा. ते आमच्याच्याने होत नाही.

आणि एक सांगते, मग तुम्ही खण लावून घ्या. त्या इमारतीत मी हजारो कपाळांवर आकडे सांगितले. पण कुणाला आत घ्या आणि कुणाला बाहेर ठेवा, हे मी एकदाही सांगितलं नव्हतं. ते माझ्या मागे उभं राहून तुम्ही सांगत होता.